गाडी थांबते तिथलं पीक

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, पौष महिन्यातल्या एका सोमवारी, वडवणी तालुक्यातल्या एका वस्तीला निघालेला पिण्याच्या पाण्याचा टँकर वस्तीवर न जाता माळावरच्या ज्वारीत रिकामा करण्यात आला. दुसऱ्या दिवशी त्या ज्वारीची पाहणी करायला मुंबईहून पथक येणार होतं. वरून पाणी न देता ज्वारी येते का, हे बघण्यासाठी ती पेरलेली होती.

रान जिजीचं होतं. टँकरबद्दल तिला कोणी विचारलं नव्हतं.

मी तेव्हा वडवणीहून एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. जिजीचं कागदोपत्री नाव भागीरथीबाई. ते कागदाबाहेर कधी ऐकलं नाही. वडवणीहून धारूरकडे जाताना रस्ता डोंगराला लागतो, तिथे डाव्या हाताला वर तिची वस्ती. घर धनगराचं. नवरा असेपर्यंत ती मेंढरांमागे हिंडली. तो गेल्यावर मेंढरं दिरांकडे फिरती ठेवली, थोडी घरी ठेवली आणि माळावरची जमीन कसायला घेतली. जमीन भरपूर होती आणि वाईट होती. वीतभर मातीखाली मुरूम.

ती उंच होती. हातात मेंढपाळाची काठी. बोलताना ती काठी समोरच्याच्या पायापाशी टेकवायची, त्यामुळे समोरचा एक पाऊल मागे जायचा. आमच्याकडे 'बे' हा पुरुषांनी पुरुषांना म्हणायचा शब्द. बायका म्हणत नाहीत. जिजी म्हणायची. तलाठ्याला म्हणायची, मला म्हणायची, एकदा रस्ता चुकून वस्तीवर आलेल्या फौजदाराला म्हणाली होती. फौजदाराने पाणी मागितलं, ते तिने दिलं, आणि तांब्या परत घेताना येण्याचं कारण विचारलं, "कावून आलता बे?"

कोणी काही सांगायला आलं की तिचा एकच प्रश्न असे. "तू सोता बघितलंस का?"

हा प्रश्न तिने दिंद्रुडच्या एका बियाण्याच्या दुकानात विचारला तेव्हा मी तिथे होतो. दुकानदार वस्तीवरच्या बायकांना एका नव्या वाणाची पिशवी दाखवत होता. पाऊस नसला तरी येतं, असं सांगत होता.

"तू सोता पेरलंस का?" जिजीने विचारलं.

"मी दुकानदार हाय, जिजी. शेतकरी थोडाच हाय?"

"मग गपगुमान वजन कर. पेरायचं आमी बघतो."

पिशवी तिने घेतली नाही. बायकांनाही घेऊ दिली नाही. वस्तीवरच्या आणि आसपासच्या बायकांची तिने एक सहकारी संस्था काढली होती. लोक तिला बायकांची सोसायटी म्हणत. काम एवढंच, की उभ्या पिकातून चांगली कणसं निवडून ठेवायची, कणग्या भरायच्या, पेरणीला सभासदांना बी द्यायचं आणि सुगीला जरा जास्त परत घ्यायचं. कणग्या जिजीच्या पडवीत होत्या. दुष्काळात घरातलं धान्य संपलं तरी त्या कणग्यांना हात लावायचा नाही, असा नियम होता आणि तो पाळला जात असे, कारण कणग्यांच्या शेजारी जिजी झोपायची.

गावची मोठी सोसायटी वेगळी. तिचे चेअरमन रस्त्याकडेच्या काळ्या रानाचे मालक. माणूस सभ्य. कधी आवाज चढवत नसत. चढवायची गरज पडत नसे. वर्षानुवर्षं तालुक्यात शेतीतलं जे काही नवं येई, ते त्यांच्या रानात येई. नवं बियाणं, नवं यंत्र, नवी पद्धत. बांधावर फलक लागे, साहेबांची गाडी थांबे, फोटो निघे. जमीन अशी की काठी रोवली तर तिला पालवी फुटावी. डोंगराकडची माणसं ते पीक बघायला येत, घरी जाऊन तसंच मुरमावर पेरत, आणि बुडत. मग आपल्याच हातात काही खोट आहे असं समजून गप्प बसत. ही गोष्ट इतकी वर्षं चालली आणि एकाही अहवालात तिचा उल्लेख नाही.

जिजीचं त्यावर एक वाक्य होतं. "गाडी थांबती तिथं पीक येतंच."

मोठ्या सोसायटीच्या वार्षिक सभेला ती आली तो दिवस अनेकांना आठवतो. तालुक्याला नवा कृषी अधिकारी आला होता. तरुण होता. नवोपक्रम या विषयावर बोलत होता. चेअरमन शेजारी बसले होते, पुढे चहा होता. जिजी मधल्या वाटेने डोक्यावर घमेलं घेऊन आली. तिने ते टेबलावर उपडं केलं. मुरूम, गोटे, थोडी तांबडी माती. चहाचा एक कप कलंडला.

"बाई, हे काय आहे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"माझं रान हाय. तुमी रानात आला न्हाई, म्हून रान आलंय."

लोक हसले. चेअरमनही हसले. म्हणाले, "जिजी, टेबल आता कोण पुसणार?"

"तुमी पुसा. तुमच्या रानातली माती असती तर फोटो काढला असता."

त्या अधिकाऱ्याबद्दल एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तो दुसऱ्या दिवशी माळावर गेला, आणि चालत गेला. त्याने सांगितलेली पद्धत साधी होती. पावसाळ्यातच उताराला आडव्या सऱ्या पाडायच्या. दर काही पावलांवर सरीत मातीचा लहान बांध घालायचा, म्हणजे पडलेलं पाणी वाहून न जाता जागीच मुरतं. पुढे ज्वारी पेरल्यावर ओळींमधे काडीकचरा पसरायचा, म्हणजे ओल उडत नाही. वरून पाणी द्यायचं नाही. रानाचे दोन भाग करायचे. एका भागात नवी पद्धत, दुसऱ्यात जुनी. तीन हंगाम ओळीने बघायचं. पद्धत खरी ठरली तर डोंगराकडच्या सगळ्या वस्त्यांवर योजनेतून अशा सऱ्या पाडून मिळतील.

जिजीचा यावर विश्वास नव्हता. "माळावर जवारी येत असती तर आमच्या सासऱ्यानं मेंढरं कावून राखली असती?" असं ती त्याच्या तोंडावर म्हणाली. पण रान दिलं. म्हणाली, "येत असंल का नसंल, बघू तर."

बघणं तिने ज्या पद्धतीने केलं ते मी जवळून पाहिलं. एका बाजूला जे होईल ते दुसऱ्या बाजूला झालंच पाहिजे. नव्या बाजूत एक खुरपणी, तर जुन्या बाजूत एक खुरपणी, त्याच दिवशी, त्याच बायका. वस्तीवरची शांता हा तिचा उजवा हात, बायकांच्या सोसायटीची उपाध्यक्ष. एकदा शांता पाखरं हाकत होती आणि नव्या बाजूलाच गोफण फिरवत होती. जिजी बांधावरून ओरडली, "तिकडची पाखरं काय तुझ्या सासरची हायेत का गं?" शांता जुन्या बाजूला गेली.

पहिल्या हंगामात दोन्ही बाजूंत फारसा फरक दिसला नाही. दुसऱ्या हंगामात पाऊस कमी झाला, तेव्हा नव्या बाजूची कणसं बरी भरली. चेअरमन तेव्हा पहिल्यांदा माळावर आले. अधिकाऱ्याने जिजीचं अभिनंदन केलं. ती म्हणाली, "थोडा तरी पडलाच की पाऊस. येऊ द्या एखादं वाईट साल. मंग बघू."

वाईट साल लगेच आलं. तिसऱ्या हंगामात गणपतीनंतर पाऊस पडला नाही. डोंगराकडच्या विहिरी आटल्या, वस्तीवर दिवसाआड टँकर सुरू झाला. जनावरं छावणीला गेली. माळावर जिजीची ज्वारी तेवढी उभी होती. जुनी बाजू गुडघ्याएवढी राहून पिवळी पडली होती. नव्या बाजूला कणसं निघाली होती, पण खालची पानं करपायला लागली होती. दाणा भरेल का वाळेल, कोणालाच सांगता येत नव्हतं. अधिकाऱ्यालाही नाही. जिजी रोज सकाळी दोन्ही बाजूंतून एक फेरी मारायची. याच दिवसांसाठी ती तीन वर्षं थांबली होती.

पथकाची तारीख ठरली ती या दिवसांत. ती का ठरली, हे तालुक्याला विचारलं तर सगळे हसत. पौषात हुरडा असतो. चेअरमनच्या विहिरीवरल्या ज्वारीत हुरड्याची भट्टी आधीच खणून झाली होती. माळ हा जाता-जाता दाखवायचा होता.

सोमवारी जिजी पाहुण्यांसाठी चहा-साखर आणायला वडवणीला गेली. दुपारच्या एसटीने परतली. मी त्याच एसटीत होतो, पथकाच्या कार्यक्रमाची माहिती घ्यायला चाललो होतो. फाट्यावर उतरलो तेव्हा टँकरच्या चाकोऱ्या वस्तीच्या वाटेवर नव्हत्या. माळाकडे वळल्या होत्या. जिजीने त्या बघितल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली.

नव्या बाजूच्या सऱ्यांत पाणी होतं. प्रयोगाचा फलक त्या बाजूला होता. जुनी बाजू कोरडी होती. ओळींमधला काडीकचरा गोळा करून बांधावर पेटवून दिलेला होता, तो अजून धुमसत होता. बायका रानात होत्या. काहींच्या हातात खराटे होते.

"कुणी आनला टँकर?" जिजीने विचारलं.

शांता पुढे आली. तिला चूक झाल्यासारखं वाटत नव्हतं. ती खुशीत होती. "चेअरमन म्हणले, पाव्हणे यायलेत, रान असं वाळल्यालं दिसलं तर तालुक्याची इज्जत जाईल. आमीच व्हय म्हणालो, जिजी. आजची आमची पाण्याची पाळी आमी सोडली. कचरा बी काढला सगळा. लेकीच्या लग्नाला आंगण झाडावं तसं झाडलंय, बघ."

"घरी पाणी हाय का तुझ्या?"

"न्हाई."

"लेकरं काय पिणार हायेत?"

"एक दिसाचं काय, भागवू की. तुझ्यासाठी केलं."

जिजी बांधावर बसली. बराच वेळ तिने काठी हातात घेतली नाही. तिचा राग आम्ही सगळ्यांनी पाहिलेला होता. तो मोठ्याने यायचा. त्या दिवशी आला नाही. तिने सरीतल्या चिखलात हात घातला, बाहेर काढला, लुगड्याला पुसला.

"माझं बघायचं ऱ्हायलं गं, शांते," ती म्हणाली.

शांताला ते कळलं नाही. तिने ते मला नंतर स्वतः सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पथक आलं. गाड्या रस्त्याला थांबल्या, मंडळी चालत वर आली. त्यांचे बूट नव्या बाजूत रुतले, पण त्याबद्दल कोणी विचारलं नाही. चेअरमन माहिती देत होते. फलकापाशी फोटो काढले गेले. पथकाचे प्रमुख म्हणाले, "अशा दुष्काळात, पाण्याविना! कौतुक आहे."

"काल टँकर वतलाय," जिजी म्हणाली.

तिने ते दोनदा सांगितलं. पहिल्यांदा ऐकलं नाही असं दाखवणं शक्य होतं.

"थोडं शिंपलं," चेअरमन म्हणाले. "पाहुण्यांना धुळीचा त्रास नको म्हणून."

प्रमुखांनी अधिकाऱ्याकडे पाहिलं. तरुण अधिकारी खाली बघत होता. मग प्रमुख म्हणाले, "हरकत नाही. दोन वर्षांचं यश तर आहेच. एका पाण्याने काय बिघडतं?" आणि हुरडा कुठे आहे ते विचारलं.

जिजी चेअरमनना नेहमी 'तुमी' म्हणत असे. भांडतानाही. त्या दिवशी तिने पहिल्यांदा एकेरी हाक मारली.

"ए चेअरमन. पाणी दिलं नसतं तर हे कसं दिसलं असतं, ते तू सोता बघितलंस का?"

चेअरमननी पाहुण्यांना खाली चला म्हणून हात केला.

"म्या बी न्हाई बघितलं. तीन साल त्याच्यासाठी थांबले व्हते. आता ते कुणालाच दिसायचं न्हाई."

तिची मेंढरं माळाच्या वरच्या अंगाला वाघुरात, म्हणजे जाळ्याच्या कोंडवाड्यात, कोंडलेली होती. ती गेली आणि जाळं सोडलं. मेंढपाळ जीभ टाळूला लावून जो आवाज काढतात तो काढला. मेंढरं उतारावरून आली आणि ज्वारीत शिरली. बरेच दिवस त्यांनी हिरवं बघितलं नव्हतं. नव्या बाजूत गर्दी झाली, तेव्हा जिजीने काठीने त्यातली काही वळवली आणि जुन्या बाजूत घातली. तेवढ्यातही दोन्हीकडे सारखं.

पथक मागे सरलं. कोणाच्या तरी पायावरून मेंढरू गेलं. चेअरमन "अडवा, अडवा" म्हणत होते, पण मेंढरं अडवायची कशी हे तिथे फक्त जिजीला येत होतं.

शांताने तिचा दंड धरला. "खुळी झालीस का, जिजी? मंजुरी जाईल. आमच्या समद्यांच्या रानात सऱ्या पडणार व्हत्या. तुझं एकलीचं न्हाई हे!"

"मंजूर झालं तर पुढल्या साली तू पेरशील. व्हय का न्हाई?"

"पेरीन की."

"अन् ते बिनपाण्याचं आलंच न्हाई तर? तुझ्या रानात टँकर कोन वतणार हाय? हा?" तिने काठी चेअरमनकडे केली. "का तू पुन्हा पाळी सोडणार हायेस, लेकरं तान्हेली ठिवून?"

शांताने दंड सोडला. ती रडत घरी गेली. त्या दिवसापासून पुढची काही वर्षं ती जिजीशी बोलली नाही. बायकांच्या सोसायटीतून आणखीही काही जणी निघाल्या. जाताना त्यांनी आपल्या वाट्याचं बी कणगीतून मागून घेतलं. जिजीने ते मापून दिलं, एकीलाही अडवलं नाही.

पुढची हकिकत थोडक्यात अशी. पथकाने प्रयोग यशस्वी झाल्याचं कळवलं. टँकरचा आणि मेंढरांचा उल्लेख अहवालात नाही. अहवाल मी वाचला आहे. मोठ्या सोसायटीला जिल्ह्याचा नवोपक्रमाचा सन्मान मिळाला. चेअरमननी तो बीडला जाऊन स्वीकारला. वर्तमानपत्रांत आलेला फोटो त्याच मंगळवारचा होता, मेंढरं सुटण्याआधीचा. टँकरची बातमी मी त्याच संध्याकाळी पाठवली होती. ती छापून आली नाही. तरुण अधिकाऱ्याने आपल्या टिपणात टँकर लिहिला होता, असं त्याच्या कार्यालयातल्या दोघांनी मला सांगितलं. त्याची पावसाळ्याआधी बदली झाली. योजनेतून सऱ्या पडल्या, पण सुरुवात रस्त्याकडेच्या रानांपासून झाली आणि पैसे तिथेच संपले. 'पाण्याविना ज्वारी' असा फलक माळावरून काढून चेअरमनच्या बांधावर लावण्यात आला. त्या रानात विहीर आहे.

नंतर चांगल्या पावसाची वर्षं आली. जिजी दर वर्षी दोन्ही बाजू पेरत राहिली. दोन्ही बाजू पिकत. मी एकदा म्हणालो, "जिजी, आता तर झालं ना सिद्ध?" तिने काठी माझ्या पायापाशी टेकवली. "ह्याला बघणं म्हणत न्हाईत बे. चांगल्या पावसात कुणाचं बी येतं. धोंड्यावर बी येतं." पावसाला नावं ठेवणारी बाई जिल्ह्यात दुसरी नसेल. लोक तिला हसत. ती त्यांना शिव्या देत असे आणि पुढच्या मृगात पुन्हा सऱ्या पाडत असे. उताराला आडव्या, मातीच्या बांधांच्या, आपल्याच बैलांनी.

पुढचा दुष्काळ पडला त्या हिवाळ्यात मी धारूरहून वडवणीला एसटीने येत होतो. डोंगर उतरल्यावर फाट्यावर जिजी दिसली. मी उतरलो. माळाकडे जाणाऱ्या वाटेवर तिने बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकल्या होत्या आणि त्यांच्या अलीकडे, काठी मांडीवर घेऊन बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते.

"कोन हाय बे?"

मी नाव सांगितलं.

"टँकर न्हाई ना संगं?"

"नाही, जिजी."

तिच्या शेजारी शांता बसली होती. भाकरीचं फडकं दोघींच्या मधे होतं. शांताचं तोंड रस्त्याकडे होतं. वस्तीचा टँकर त्याच रस्त्याने यायचा होता, आणि जिजीला आता लांबचं दिसत नव्हतं.

"खात्याला कळवलंय का?" मी विचारलं.

"सांगून आलो की तालुक्याला," शांता म्हणाली. "दोनदा. म्हणले, त्याला बक्षीस देऊन झालंय."

"गाडी वर येत न्हाई," जिजी म्हणाली. "कशाला येतेत ते."

"मी बघून येऊ का?"

"जा की. सोता बघ." तिने काठीने एक फांदी बाजूला सारली. "अन् दोनी बाजूनं फिर. एकीकडूनच येऊ नको."

मी दोन्ही बाजूंनी फिरलो. परत आलो तेव्हा तिने काय दिसलं ते विचारलं. मी सांगितलं. तिने तेच पुन्हा शांताला विचारलं. शांतानेही तेच सांगितलं. मग तिने फांदी ओढून वाट परत बंद केली.

त्या हंगामात खात्याचं कोणीही माळावर गेलं नाही, याची मी तालुक्याला खात्री करून घेतली. टँकर वस्तीवर जात राहिला. जुनी बाजू कणीस निघायच्या आधीच वाळली. नव्या बाजूची भरलेली कणसं माघात वस्तीवरच्या बायकांनी खुडली.